उजवीकडची जागा

११ नोव्हेंबर

कुसुम खेमराज धकाते.

१२ नोव्हेंबर

दोन ओळी लिहायला सांगितल्या. ही एक.

ही दुसरी.

१६ नोव्हेंबर

आज माझं अक्षर मलाच वाचता आलं. कोंबडीच्या पायांसारखं आहे, पण वाचता आलं.

शीजा म्हणते, रोज लिहा. काहीही लिहा, कोणाला शिव्या द्यायच्या असल्या तर त्याही लिहा, पण उजव्याच हातानं. शीजा म्हणजे दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणारी पोट्टी. केरळची आहे. चार वर्षांत मराठी शिकली अन् म्हाताऱ्या बायांना दटावायलाही शिकली. मी म्हटलं, "बाई, मी सातवी पास. काय लिहू?" तर म्हणे, "कुसुमताई, राग आहे ना भरपूर? तो लिहा."

राग आहे. पण आता हात दुखतो.

२१ नोव्हेंबर

हे पान तीन दिवस पुरलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मागावर बसल्याबसल्या धोटा माझ्या हातातून सुटला. मी म्हटलं, हात घामेजला असेल. उचलायला गेली तर हात माझा नव्हताच. लकवा. पाय पंधरा दिवसांत बराच सुधारला, तोंड सरळ झालं, बोलणं तर सर्वात आधी परत आलं असं माझी धाकटी, तेजू म्हणते. हात राहिला.

राग त्याचाच आहे. जीभ गेली असती तर घरच्यांना आराम मिळाला असता, पण हातच कायले जावा?

आमची साडी करवती काठाची. आंग, म्हणजे मधलं कापड, कोशाचं, काठ रेशमाचा, अन् काठावर करवतीसारखे दात. आंगाचा धोटा वेगळा, दोन काठांचे दोन वेगळे. हे एका माणसाचं काम नाही. विणकर मधात बसतो, आंगाचा अन् डाव्या काठाचा धोटा त्याच्याकडं. उजव्या काठाला दुसरं माणूस लागते. बेचाळीस वर्षं ते दुसरं माणूस मी होती. तेजूचे बाबा धोटा टाकत, मी झेलत असे, काठाच्या धाग्यात अडकवून परत देत असे. आम्ही भांडलो तरी धोटा चालूच असे. भांडण जोराचं असलं तर साडी लवकर होई.

आमच्या घराण्यात पोरीच्या लग्नाची साडी मायबापाच्याच हातची असते. बाहेरच्याचा हात लागत नाही. मोठ्या करुणाची तशी झाली. आता तेजूचं, तेजस्विनीचं लग्न, २० फेब्रुवारीला, पोरगा पवनीचा, विणकराच्याच घरचा, नोकरी कारखान्यात. ताणा, उभं सूत, भरून झाला होता, एक वीत विणूनही झालं होतं. तिथंच थांबलं. मागावर चादर टाकून ठेवली आहे.

मी शीजाला विचारलं, संक्रांतीपर्यंत हात होईल का. ती म्हणाली, "व्यायाम करा." हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

२९ नोव्हेंबर

आज मंडई होती, गावची जत्रा. आधी दिवाळीनंतरच्या मंडईला आमचा कोष्टीपुरा तीन दिवस माग बंद ठेवायचा. वर्षात तेवढीच शांतता. एरवी साठ मागांची खटखट पहाटेपासून. लग्न होऊन मी या घरात आली तेव्हा आठ दिवस मला झोपच आली नाही, अन् माहेरी सिहोऱ्याला परत गेली तर तिथं शांततेनं झोप येईना.

पाजणीच्या दिवशी तर गल्लीच आमची. इकडच्या खांबापासून तिकडच्या खांबापर्यंत ताणा पसरायचा, खळ लावायची, कुंचा फिरवायचा. तेवढा वेळ गल्लीतून कोणी जायचं नाही. एकदा तहसीलदाराची जीप थांबवली होती सासऱ्यांनी. म्हणाले, सूत वाळू द्या, मग या.

आता जिथं तो खांब होता तिथं रामप्रवेश लिट्टी विकतो. सिवानचा आहे. करडीच्या रस्त्यावर लोखंडाचा कारखाना आला त्याला आठ वर्षं झाली. आधी बिहारी आले, मग ओडिशाचे, तेलगू, बंगाली. कोष्टीपुऱ्यातल्या पोरांनी माग विकले, मागाचे खड्डे बुजवले, वरून फरशी टाकली अन् खोल्या भाड्यानं दिल्या. कारखान्याला मी दोष देत नाही. माग त्याच्याआधीच मरत होते, आम्हीच कोणाला सांगत नव्हतो. पण मंडईत आज चार तोंडांतून चार भाषा ऐकल्या अन् ओळखीचा एक चेहरा दिसायला अर्धा तास लागला. मला माझ्याच गावात पाहुणी आल्यासारखं झालं.

गल्लीत आता एकच माग. तोही चादरीखाली.

४ डिसेंबर

आमच्या जाऊबाईची, सुशीलाबाईची खोली शेजारीच आहे. ती पोराकडं नागपूरला गेली अन् खोली भाड्यानं लावायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेली. दिवाळीपासून तिथं ओडिशाचं जोडपं राहते. तो प्रफुल्ल, भट्टीवर कामाला. ती सुकांती. वय तेजूएवढं. बोलत नाही. पाण्यात भिजवलेला भात कांद्यासोबत खाते अन् दिवसभर दार अर्धं लोटून बसते. मी तिला घमेंडखोर समजत होती.

आज ती स्वतः आली. हात धरून मला खोलीत घेऊन गेली. मधातली फरशी खचली आहे, पलंगाचा एक पाय खाली गेला. मी म्हटलं, सांगते जाऊबाईला, दुरुस्त करू. ती नाही नाही म्हणत खाली बसली, खचलेल्या चौकोनाच्या कडेनं बोट फिरवलं, पाय त्यात सोडल्यासारखे ठेवले अन् म्हणाली, "मौसी, यहाँ तंत था ना? बैठने का गड्ढा?"

तंत म्हणजे त्यांच्याकडं माग. सोनपूरकडची आहे, घरी कोसाच विणत. फरशीखालचा खड्डा तिनं बुडानं ओळखला. मला हसू आलं, अन् मग काय झालं कोण जाणे, घरी येऊन मी रडली. त्या खड्ड्यात भासरे, सुशीलाबाईचे मालक, बसत, तीस वर्षं.

१० डिसेंबर

आज एक गोष्ट केली. कोणाला सांगायची नाही म्हणून इथं लिहिते.

तेजूचे बाबा बाजारात गेले होते, तेजू ड्यूटीवर. मी चादर काढली अन् माझ्या जागेवर बसली. उजवीकडं, खिडकीजवळ, जिथं भिंतीला माझ्या पाठीचा डाग आहे. धोटा उजव्या हातात धरला. धरला! मग टाकला. तो गेला नाही, फिरला, अन् त्याला सावरायला मी पुढं वाकली तर तोलच गेला. ताण्यावर पडली. तीस-चाळीस धागे तुटले.

कशीतरी उठली. चादर परत टाकली. संध्याकाळी त्यांनी चादर उचलून पाहिलं. मी इकडं भाजी निवडत होती. ते म्हणाले, "अवं, उंदरं झाले वाटते घरात. सूत तोडलं." मी म्हटलं, "हौ ना, लय झाले." मग ते बसले अन् दिवे लागेपर्यंत एकेक धागा सांधत राहिले. सुटली. त्यांना काही कळलं नाही.

१३ डिसेंबर

यांना म्हातारपणी काय सुचलं आहे देव जाणे. मागाच्या खोलीत माझ्या जागेभोवती गादी टाकली, भिंतीला उशी लावली. म्हणे जमीन गार पडते. तिथं बसते कोण?

उंदरासाठी पिंजरा मात्र आणला नाही. आठवण दिली तर म्हणाले, "आता नाई येत ते."

२४ डिसेंबर

आता यांनी मला धोट्यातल्या कांड्या भरायला बसवलं आहे. रहाट डाव्या हातानं फिरवायचा अन् उजव्यानं नुसतं सूत धरायचं. हे लहान पोरींचं काम. मी सहा वर्षांची असताना करायची. मला फार लागलं. म्हटलं, "अजी, आता मले पोट्टीचं काम देता का?" ते म्हणाले, "कांड्या लागतीन नं साडीले." साडी कुठं चालली आहे की कांड्या लागतील?

पण डावा हात लागला आहे कामाला. कांडी घट्ट भरते. दुपारी सुकांती येऊन बसते. ती बोलत नाही, मी बोलते, असं आमचं छान जमते.

२ जानेवारी

चादर वर करून पाहिलं. माझी वीत पाहायची होती. तर विणकाम मला दोन बोटं पुढं सरकलेलं वाटलं, अन् उजव्या काठाचे शेवटचे दात अगदी वेडेवाकडे. माझेच असतील. हात जायच्या आधी काही दिवस आजारीच असेल तो, मलाच कळलं नाही. असा काठ मी कधी विणला नव्हता. पाहून लाज वाटली.

तेजूच्या बाबांचा उजवा अंगठा चिरलेला आहे. विचारलं तर विळी लागली म्हणाले. विळीला हा माणूस जन्मात कधी शिवला नाही.

५ जानेवारी

ते वेडेवाकडे दात उसवलेले दिसले. चला, त्यांनाही लाज वाटली असेल माझ्या कामाची.

१४ जानेवारी

आज संक्रांत. तेलगू लायनीतल्या बायांनी पिठाच्या रांगोळ्या काढल्या, दारापासून थेट रस्त्यापर्यंत. मी तीळगूळ घेऊन शीजाकडं गेली. तिनं माझ्या हातात चेंडू दिला, दाबायला लावला, बटण लावायला लावलं. मग खुर्ची जवळ ओढली. खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मला समजलं.

म्हणाली, "कुसुमताई, तुम्ही जेवाल या हातानं. लिहाल. वेणी घालाल. पण धोटा झेलायला जो वेग लागतो, तो परत येणार नाही. मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी."

मी तिला तीळगूळ दिला, गोड बोल म्हटलं. बाहेर येऊन ऑटोत बसली.

मला माझी जागा पाहिजे. दुसरं काही नाही मागितलं मी. दागिना नाही, तीर्थ नाही. ती खिडकी, तो भिंतीचा डाग, डाव्या बाजूला या माणसाचं कोपर. पोरीची साडी.

१७ जानेवारी

परवा घरात महाभारत झालं. तेजू म्हणाली, "आई, नागपूरहून घेऊ नं साडी. मले काही वाटत नाही." तिला वाटते, हे मला दिसते. ती दहा वर्षांची असताना करुणाची साडी विणताना पाहत बसायची अन् म्हणायची, माझी हिरवी पाहिजे. ताणा हिरवाच आहे.

मग म्हणाली, "नाहीतर सुकांतीले बसव. तिले येते." तेजूचे बाबा एकदम म्हणाले, "नाई. त्या जागेवर कोनी नाई बसन." एवढ्या जोरात ते वर्षातून एकदा बोलतात. घराण्याची रीत पाळणारा माणूस आहे, मला माहीत आहे. पण मग म्हणाले, "नागपूरची घेऊन टाकू." मी म्हटलं, "तुम्ही बी?" अन् ताटावरून उठली.

खरं सांगायचं तर सुकांतीचं नाव ऐकून मलाही आग लागली होती. ओडिशाची पोरगी माझ्या जागेवर, माझ्या माणसाच्या उजव्या हाताला. मग दोन दिवस विचार करून पाहिला. तेजू नागपूरच्या दुकानातल्या साडीत बोहल्यावर उभी आहे, असं डोळ्यांपुढं आणलं. ते त्याच्याहून वाईट होतं.

२२ जानेवारी

आज लांब लिहिणार आहे, हात गळून पडला तरी चालेल.

सकाळी मी सुकांतीच्या दारात गेली अन् म्हटलं, "चल, तंत पर बैठ." ती घाबरली. मग साडीच्या पदराला हात पुसत आली. तेजूचे बाबा मधात बसले होते, तोंड फुगवून. मी म्हटलं, "अजी, रीत राहू द्या बाजूले. पोट्टीचं लग्न चार आठवड्यांवर आहे."

सुकांतीनं मागाला नमस्कार केला. खाली वाकून ताण्याला बोटं लावली, अन् सरळ जाऊन डावीकडं बसली.

मी ओरडली, "अवं तिकडे कायले बसतं? इकडं! उजवीकडं!"

ती दचकून उठली. म्हणाली, "हमारा घर में माँ इधर बैठता, मौसी. बाप बीच में. माँ बायाँ."

मी तिला रागवणारच होती की आमच्याकडं असं नसते, बाई नेहमी उजवीकडं बसते. तेवढ्यात लक्षात आलं. डावीकडं बसलेल्या माणसाला धोटा डाव्या हातानं टाकावा लागतो. मी माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. तेजूचे बाबाही माझ्या डाव्या हाताकडंच पाहत होते. महिनाभर कांड्या भरून चांगला लवचिक झालेला हात.

बेचाळीस वर्षं आम्ही मागावर बसतो. सासूबाई उजवीकडं, त्यांची सासू उजवीकडं. साठ मागांच्या गल्लीत एकीलाही डावीकडं बसायचं सुचलं नाही, अन् कोणी सांगितलंही नसतं.

"बसून पाह्य," ते म्हणाले.

मी बसली. पहिला धोटा दोन बोटं गेला. दुसरा गेला. पाचवा बरोबर दाताला जाऊन अडकला. आता उजव्या काठाचा धोटा त्यांनी सांभाळायचा होता. पण तो त्यांना जमेना. आंगाचा धोटा उजवीकडं टाकायचे अन् तिकडच्या हातानं काठ घ्यायच्या ऐवजी थांबायचे. मी झेलेन म्हणून. मी तर इकडं बसली होती. तीनदा असं झालं, मग ते मान खाली घालून म्हणाले, "आदत आहे नं. एकट्यानं बी करून पाह्यलं म्या मागच्या महिन्यात. नाई जमत."

कधी करून पाहिलं, ते मी विचारलं नाही. आता लिहिताना लक्षात येते आहे, ते दोन बोटांचे वाकडे दात. अन् मी त्याला माझं काम समजून लाजत होती. मग उंदरंही…

जाऊ दे. या माणसाला मी कधी काही सांगायचीच गरज नव्हती वाटते.

तर मी सुकांतीला म्हटलं, "तुले तिकडून येते का, उजवीकडून?" ती म्हणाली, "भाई के साथ बैठता था उधर. आता है." मी म्हटलं, "मग जा. तिथं बस." त्या जागेकडं मी बोट दाखवलं. माझ्याच तोंडानं बोलली, माझ्याच बोटानं दाखवलं.

तीन धोटे अन् तीन माणसं. दुपारपर्यंत चार बोटं विणून झालं.

२८ जानेवारी

रोज अर्धा हात होते. बारा हातांची साडी. होईल.

गल्लीत मागाची खटखट ऐकून रामप्रवेशचे गिऱ्हाईक खिडकीत डोकावतात. काल एक बंगाली मिस्त्री आत येऊन दहा मिनिटं पाहून गेला. नंतर कळलं, त्याचे आजोबाही विणत होते. रामप्रवेश म्हणाला, "चाचा के दाएँ भी रानी, बाएँ भी रानी." तेजूचे बाबा लाजले. चार दिवस झाले, त्यांच्या तोंडावर हसू आहे.

माझे दात पहिल्या दोन हातांवर गिचमीड आहेत. मी रोज फक्त माझ्या काठाकडं पाहते. तेही माझ्याच काठाकडं पाहतात, हळूच.

१ फेब्रुवारी

नको ते झालं.

माप घ्यायला कापड उलगडलं. साडेचार हात. आधीची वीत सोडली तर डावा काठ माझा, उजवा सुकांतीचा. तिचे दात सुंदर, सुरीनं कापल्यासारखे. पण उंच. मी मोजले. आमचा दात सात पायऱ्यांचा. तिचे नऊ.

एका साडीला दोन काठ दोन तऱ्हेचे. लग्नाची साडी. तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण तिघंही माझ्या हाताकडं पाहत होतो.

मी म्हटलं, "सुकांती, ये क्या किया?" ती म्हणाली, "हमारा गाँव में नौ होता. आप सात बोला नहीं." खरं आहे. कुठं बसू नको, काय शिवू नको, हे सगळं सांगितलं. किती मोजायचं ते सांगितलं नाही. जगात सातच असतात असं समजून चालली होती मी.

तेजूचे बाबा म्हणाले, "उसवा लागते." ती सुई घेऊन बसली अन् तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. कोशाच्या सुतावर पाणी पडू नये म्हणून मान बाजूला करून रडत होती. ते पाहवेना. मी सहज काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुझ्या लग्नातली साडी अशीच होती का, नऊची?"

ती म्हणाली, "मेरा बाजार से था, मौसी. पॉलिस्टर. उस टाइम पापा तंत बेच के ईंटभट्ठी गया था."

मी तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"राहू द्या," मी म्हटलं. तेजूचे बाबा माझ्याकडं पाहायला लागले. "राहू द्या म्हटलं नं. सात ते सात, नऊ ते नऊ. चला, धोटा टाका."

१७ फेब्रुवारी

साडी उतरली. बारा हात अन् वर चार बोटं. तेजूनं अंगावर धरली तेव्हा ती पुन्हा दहा वर्षांची दिसली मला. ताण्यात अजून एका साडीचं सूत शिल्लक आहे.

२१ फेब्रुवारी

लग्न झालं. पोरगी गेली.

नेसताना तेजूनं विचारलं नाही, स्वतःच ठरवलं. सुकांतीचा काठ खाली, पायावर. माझा वर, खांद्यावरून. मी म्हटलं, "अवं, माझा वाकडा आहे, वरती दिसन." ती म्हणाली, "मले माहीत आहे कोणता वाकडा आहे ते."

सुशीलाबाई नागपूरहून आल्या होत्या. विणकराच्या घरची नजर. मांडवात सगळ्यांसमोर पदर उचलून म्हणाल्या, "कुसुमे, एक काठ सात अन् एक नऊ? लकव्यानं मोजनं बी गेलं का तुझं?"

बाया हसल्या. नवऱ्याकडच्याही. सुकांती मागं पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती, भाडेकरू उभे राहतात तशी. तिनं मराठी समजून मान खाली घातली. मी जाऊन तिला डाव्या हातानं ओढून पुढं आणलं. म्हटलं, "डावा काठ माझा, उजवा हिचा. मोजनं दोघीचं बी बराबर आहे." सुशीलाबाईंनी पदर खाली ठेवला. मग सुकांतीला विचारलं, "तूच राहतं का माझ्या खोलीत?" अन् फरशीचं विचारलं.

विदाईला तेजूला मिठी मारली. उजवा हात तिच्या पाठीवर अर्ध्यापर्यंतच गेला. उरलेला डाव्यानं पुरा केला.

१ मार्च

प्रफुल्लचा ठेका संपला. दुसरीकडं, रायगडकडं काम मिळालं. छत्तीसगडमधलं. सकाळी गेले. दोन पेट्या, एक पंखा, गॅस, बस. एवढ्यात संसार बसतो या पोरांचा. सुकांतीनं मला नमस्कार केला, मग मागाच्या खोलीत जाऊन मागाला केला. "मौसी, फोन करेगा," म्हणाली. करेल. पण शेजारून कोणी खाली बसून न बोलता माझं बोलणं ऐकणार नाही.

खोली परवापासून मुर्शिदाबादच्या तिघांना दिली आहे.

३ मार्च

दिवसभर घर खायला उठलं. तेजू नाही, ती नाही. तेजूच्या बाबांना म्हटलं, माग बंद करा आता, उरलेला ताणा विकून टाका कोणाला. ते म्हणाले, "पाहू."

६ मार्च

सकाळी खटखट ऐकली अन् उठून गेली. ते मागावर एकटे बसलेले, आंगाचा धोटा टाकत होते अन् उजव्या काठाचा धोटा उजव्या हातानं घेत होते. अडखळत, थांबत, पुन्हा उसवत. अंगठ्याला चिंधी बांधलेली. चार बोटं विणून झालं होतं. डावा काठ मोकळाच सोडला होता.

मी माझ्या नव्या जागेवर बसली. डावीकडं. म्हटलं, "कोनाची साडी हे?"

मी त्यांच्या काठाचे दात मोजले. वाकडे होते, पण मोजता येत होते. नऊ. सुकांतीच्या गावचे.

मी धोटा हातात घेतला. पहिला दात सवयीनं सातवर वळला. तो उसवला, अन् पुन्हा सुरू केला. सात झाले, आठ झाले. तिकडून ते म्हणाले, "अवं, जराक थांब. मी मागं आहो." मी नववी पायरी टाकली अन् त्यांच्यासाठी थांबली.